सावकाश वाचणारे बाबा

गेम बाजारात येणार त्या दिवशी सकाळी प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं आणि त्याला खेळायला बसवायचं, अशी आमच्या कंपनीची पद्धत. कुणी भाऊ आणला, कुणी नवरा. एकीने सासूला आणलं आणि सासूबाई अर्ध्या तासात दुसऱ्या बेटावर पोचल्यासुद्धा. मी बाबांना आणलं. तिथेच माझं चुकलं, असं अकरा वाजता मी चरफडत मनाशी म्हणत होते. खरं तर चुकलं होतं तीन आठवड्यांपूर्वीच.

मी टेस्टर. म्हणजे दिवसभर मजेत गेम खेळते, असा नातेवाइकांचा समज. प्रत्यक्षात मी एकच दार चारशे वेळा उघडते आणि एखाद्या वेळी ते उघडलं नाही की लिहून ठेवते. आमचा हा गेम एका पाच पानी पत्राने सुरू होतो. ते वाचायचं आणि धक्क्यावर जाऊन बोटीत बसायचं. रोज पन्नास वेळा ते पत्र कोण वाचणार? म्हणून प्रोग्रॅमरने आम्हाला एक बटण करून दिलं होतं. दाबलं की थेट बोटीत. आम्ही सगळे तेच दाबायचो.

शेवटच्या तपासणीच्या कागदावर मात्र ‘सुरुवातीपासून, काहीही न गाळता खेळून पाहिला’ असं छापलेलं असतं. त्याखाली तीन आठवड्यांपूर्वीची माझी सही होती. पत्र मी तेव्हाही गाळलं होतं. साहेब मागे उभे राहून ‘झालंच की, झालंच की’ करत होते. त्यांना आम्ही झालंच साहेबच म्हणतो. शिवाय मी कंत्राटावर, आणि एक तारखेला मला कायम करणार होते. अशा वेळी कोण शहाणपणा करतं?

बाबा जाहिरातींमधली बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाहीत. पत्र उघडताच त्यांनी चष्मा पुसला आणि ते वाचायला लागले. तिसऱ्या पानावर म्हणाले, “छान लिहिलंय गं कुणीतरी.” पाचवं पान संपवून धक्क्यावर गेले, तर बोट नव्हती. घराकडे परतले, तर दार बंद. मग वीस मिनिटं ते घर आणि धक्का यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिले.

बोटीचा नावाडी धक्क्यावर दोन मिनिटं थांबतो. पत्र उघडं असेपर्यंत ती दोन मिनिटं मोजली जायला नको होती. ती मोजली जात होती. म्हणजे जो कुणी पत्र नीट वाचेल तो तिथेच अडकणार, पुन्हा सुरू केलं तरी पुन्हा अडकणार. चार वाजता हा गेम लाखो लोकांच्या हातात जाणार होता. आणि हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. पडद्याकडे बघून हसले. “काय काका, अजून इथेच?”

“माझंच काहीतरी चुकतंय,” बाबा ओशाळून म्हणाले.

“होतं हो. आमचा गेम जरा तरुण मंडळींसाठी आहे.”

दोन-चार जण हसले. बाबाही हसले, कसनुसे. माझं डोकं सणकलं. पण गप्प राहिले तर नोकरी पक्की, बाबा तेवढे मठ्ठ ठरणार. किती सोपं होतं ते! साहेब पुढच्या टेबलाकडे वळलेही.

“त्यांचं चुकलेलं नाही,” मी म्हणाले. “पत्र वाचत बसलं की बोट निघून जाते.”

साहेब थांबले. “हे तपासलेलं आहे. सही कोणाची आहे?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं समजल्यासारखं पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, “नाही साहेब, मीच मधे कसलंतरी बटण दाबलं. चांगलं आठवतंय मला. हिचा काही दोष नाही.”

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले. “झालंच की मग!”

“बाबांनी काहीही दाबलेलं नाही,” मी म्हणाले. “ते खोटं बोलताहेत. सही माझी आहे आणि ती खोटी आहे.”

पुढच्या दहा मिनिटांत साहेबांनी स्वतः बसून पत्र सावकाश वाचलं, दोनदा. दोन्ही वेळा बोट गेली. मग त्यांनी फोन लावून गेम थांबवायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक तारखेचं विसर. त्यानंतर येऊही नकोस.”

बाबांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. ते कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“सगळ्यांसमोर खोटं पाडलंस मला.”

“हो.”

“मला वाटलं होतं, तू गप्प बसशील.” ते खाली बघत होते. “मी बोललो तेव्हा अगदी खात्री होती मला.”

त्यांनी मला तसंच ओळखलं होतं, आणि मी बोलायच्या पाच मिनिटं आधी मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.