कद्दीशला एक कमी

अनिकेतची मूठ सलीलच्या तोंडावर बसली तेव्हा विजया आत सुतकाच्या जेवणाला अंडी उकडत होती. आवाज असा आला, की तिला वाटलं कुणीतरी नारळ फोडला. मयताच्या घरात नारळ कोण फोडेल, म्हणून ती पातेलं घेऊनच धावली.

कोलकात्यातल्या डमडमच्या त्या फ्लॅटमध्ये रीतीप्रमाणे आरशांवर चादरी होत्या आणि फरशीवर सलील, तिचं एकुलतं लेकरू. पुतण्या अनिकेत त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारत होता.

"नूपुर आहेस तू. नूपुर. मोठ्या काकांचा कद्दीश बाई म्हणणार?"

उकळतं पाणी ओतलं असतं, तर खालचं लेकरूही भाजलं असतं. विजयाने पातेलं दारात ठेवलं, अनिकेतचे केस धरले आणि मागे खेचलं. मूठभर केस हातात आले. तिला काही वाईट वाटलं नाही.

कद्दीश म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना. दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही, आणि कोलकात्यात हल्ली दहा जमवायचे म्हणजे मुश्कीलच. दीर आरोन ठाण्याहून माणसं घेऊन विमानाने आले, इथले बगदादी ज्यू म्हातारे आले, तरी नऊच. दहावा सलील. तो जन्मला तेव्हा मुलगा की मुलगी हे सांगायचं डॉक्टरांनीच टाळलं होतं. घरच्यांनी नूपुर नाव ठेवलं, कॉलेजात गेल्यावर त्याने आपलं आपण सलील ठेवलं. बाप जाताना एवढंच म्हणाला होता, "माझा कद्दीश तू म्हण."

"पोरगं तापट आहे, वहिनी," आरोन म्हणाले. "पण बोलतंय ते शास्त्राचं."

"शास्त्रात दात पाडायला सांगितलंय का, भाऊजी?"

दात फरशीवरच पडला होता.

बगदाद्यांतले सर्वांत वडील हेस्केल अंकल खुर्चीतून सावकाश उठले. आपल्या कोलकाती हिंदीत म्हणाले, "पुरुषही आणि बाईही असलेला जीव जुन्या रब्बींना चांगला ठाऊक होता. त्याला कशात धरायचं, यावर ते अजून भांडतायत. पण त्याला मारलं तर? तिथे भांडण नाही. पुरुषाला मारलं तेवढाच गुन्हा, बाईला मारलं तेवढाच." त्यांनी अनिकेतवर काठी रोखली. "आणि हात उचलणारा मोजणीतून बाद. ज्याला मारलं तो माफ करेपर्यंत. सलीलला मी मोजतो. तुला नाही."

म्हणजे परत नऊच.

आरोनचा चेहरा काळवंडला. सख्ख्या भावाचा कद्दीश पोटच्या पोराने घालवला होता. त्यांनी कमरेचा पट्टा उपसला आणि हाणला. अनिकेत वाकला, बक्कल मागच्या आरशावर आदळलं. चादरीखाली काच खळखळून फुटली. त्यांनी पुन्हा हात वर केला.

"काका, पट्टा खाली ठेवा," सलील म्हणाला. रक्ताने त्याचं तोंड भरलं होतं. "तुम्हीही बाद झालात तर आठच उरतील."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

अनिकेत काचांतच बसला होता. "चुकलो," तो फरशीला म्हणाला.

"माफ केलंस?" हेस्केल अंकलनी विचारलं.

सलीलने तोंडातलं रक्त गिळलं. मग म्हणाला, "बाबांपुरतं."

विजयाने ओठाला लावलेलं फडकं बाजूला सारून तो उभा राहिला आणि म्हणू लागला. शब्द जाड, ओले येत होते. हनुवटीवरून रक्त शोकासाठी फाडलेल्या कॉलरवर ओघळत होतं. सगळे आमेन म्हणाले. अनिकेतचं सगळ्यांच्या मागून आलं.

विजया अनिकेतच्या हाताकडे बघत होती. मूठ अजून वळलेलीच होती.