घरटी एक बोट

केज तालुक्यातल्या त्या गावात दूध संस्थेच्या केंद्रावर केसरबाई दूध तपासायची. घरटी एकच नमुना. किटल्या दोन असोत की पाच, पहिलीतलं दूध बघायचं आणि त्यावरनं घरादाराचं दूध घ्यायचं की परत धाडायचं ते ठरवायचं. त्यानं तपासणीचा खर्च वाचतो, असं चेअरमन मोहनरावांचं म्हणणं. मोहनराव तिचा मानलेला भाऊ. दर सालाला राखी बांधायची आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायची नाही.

दुष्काळ पडला. टँकरचं पाणी दारोदारी ड्रमांत साठलं, ड्रमांत डास झाले आणि गावात मलेरिया शिरला. संस्थेनं रक्त तपासायची किटं आणली. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर सोडायचा, बसल्या जागी कळायचं. पण किटं महाग, गोळ्या स्वस्त.

मोहनराव म्हणाले, "सगळ्यांची बोटं कशापायी टोचायची? घरटी एक बघू. त्याला मलेरिया असंल तर घरादाराला गोळ्या, नसंल तर कुणालाच न्हाई. शितावरून भाताची परीक्षा! काय केसर?"

तिला पटलं. पटणारच की, रोज दुधाचं तेच करत होती! आता रक्त म्हणजे काय दूध आहे? पण तेव्हा हे सुचलं नाही. उलट तीच घरोघर समजावत हिंडली. शेजारची सरूबाई कुरकुरली, तर तिला म्हणाली, "मोहनदादा फसवतेत व्हय आपल्याला?"

तिच्या घरात बोट टोचलं नवऱ्याचं, जालिंदरचं. काही निघालं नाही. पुढं चार दिवसांत सून शिवकन्या तापानं हुडहुडायला लागली. पोटुशी पोर! केसरबाई तशीच मोहनरावांच्या दारात पळाली.

"दादा, पोरीचं बोट तेवढं बघा."

"तुझं घर झालंय ना? आन् किटं बी संपली. साधा ताप असंल, निजव तिला."

तेवढ्यात त्यांची नातवंडं ओसरीवर आली. एकेकाच्या बोटाला कापूस. सुनेच्या बोटाला कापूस, गड्याच्या सुद्धा! मोहनरावांनी आपला हात हळूच पाठीमागं नेला. केसरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ म्हणवणाऱ्यानं केसानं गळा कापला होता.

जीप करून तिनं शिवकन्याला केजला नेलं. मलेरियाच निघाला. सून वाचली, पोटातलं लेकरू गेलं. सरूबाई भेटायला आली, नुसतीच बसून राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं केसरबाईला वाटलं.

ती केंद्रावर परत आली त्या सकाळी मोहनराव स्वतः किटल्या घेऊन आले.

"देवाची मर्जी, केसर," ते म्हणाले.

तिनं पहिली किटली उघडली. दूध नासलेलं. तिनं झाकण लावलं आणि पाचही किटल्या त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

"घिऊन जावा."

"आगं, पाचीच्या पाची? बाकीचं दूध ताजं हाय. उघडून बघ तरी!"

रांगेतली माणसं पुढं सरकली. केसरबाईचा आवाज मात्र चढला नाही.

"शिवकन्याचं बी बोट बघा म्हणलं होतं मी."