शिवाच्या सदऱ्यांची गोधडी

मी करी रोडच्या चाळीतली गोधडी बोलतेय. अंगावर घ्यायची वस्तू दोरीवर टांगलीय म्हणून हसू नका. माझ्या जन्मात हसण्यासारखं काही नव्हतं.

कौसल्याआईचा शिवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात गेला आणि गोळी लागून मेला. त्याचे गिरणीत घालायचे सदरे कुणाला देऊन टाकायला तिचा जीव होईना. आपल्या जुन्या लुगड्यांत ते घालून तिने मला शिवलं आणि ट्रंकेत टाकलं. थंडीत कुडकुडली, पण मला पांघरलं नाही. घरात शिवाचं नाव काढायचीही चोरी होती. मला राग यायचा. पांघरायचं नव्हतं, तर शिवलं कशाला?

शिवाची धाकटी बहीण कालिंदी. दिवसा गिरणीत, संध्याकाळी कामगारांच्या नाटकात. रेडिओला कामगारांसाठी नभोनाट्यांची मालिका हवी होती, म्हणून तिने भावाचीच गोष्ट घेतली आणि पहिला भाग लिहून नेला. तिथले गुप्ते वाचून म्हणाले, "बाई, पहिल्याच भागात तुम्ही भावाला मारलंत. आता पुढच्या आठवड्यात लोकांनी कुणाची वाट बघायची? आधी माणूस भेटू द्या. आणि 'त्याने मान खाली घातली' असं लिहिलंय, ते रेडिओवर कसं दिसणार?"

पोरगी हिरमुसली, पण हटली नाही. मला ट्रंकेतून काढून तिने खोलीत दोरीवर पडद्यासारखं आडवं टांगलं. अलीकडे ती वाचणार, पलीकडे शेजारणी रेडिओ ऐकावा तशा नुसता कान देऊन बसणार. जे डोळ्यांनी बघावं लागेल ते खोडायचं. मान खाली घालणं गेलं, कपबशीचा आवाज आला. आईच्या कालवणाला नावं ठेवणारा, जिन्यात शीळ घालणारा शिवा आला. कौसल्याआई मात्र शेगडीकडे तोंड करून बसायची.

एका संध्याकाळी कालिंदीने नवा भाग पुरा वाचला. शेवटी मोर्च्याला निघालेला शिवा जिन्यातून ओरडतो, "आये, दार लावू नको गो, आताच येतंय!" तिथेच भाग संपला.

कौसल्याआई उठली, तिने कडी काढली आणि दार सताड उघडून उभी राहिली. बाहेर कुणी नव्हतं.

कालिंदी धावत आली. "आये, चुकला गो माझा. ह्या फाडून टाकतंय."

"फाडतंस कित्याक?" आई दाराबाहेरच बघत म्हणाली. "फुडचा लिही. पण फुडे काय होता, ता माका आधी सांगू नको."

जिला सगळं ठाऊक, तीच असं म्हणाली. माझा टाका न् टाका दुखला.

तेव्हापासून मी ह्याच दोरीवर आहे. गोळीचा भाग कधीतरी येणारच, कालिंदीला तो अजून लिहवत नाही. आई रोज मला चिकटून बसते आणि शिवा बोलायला लागला की माझं टोक मुठीत धरते. मी कडेला उसवलेय, विटलेय. कपडे वाळत घालायला दोरी हवी असेल, तर शेजारून मागून आणा. मला एवढ्यात खाली काढू नका. एक आई तिच्या पोराचं बोलणं ऐकतेय.