बाबांची जाहिरात

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. दुकानदाराच्या मुलीने संशय घ्यायचा नाही तर कुणी? पण या ऑक्टोबरात मी थेट सख्ख्या भावावर घसरले.

लेमविग गावात आमचा लाकडी जोड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. मागच्या शेडमध्ये बाबा पटाशी घेऊन बसतात, पुढे मी आणि माझा धाकटा भाऊ ट्रोल्स विक्री बघतो. ट्रोल्सच्या डोक्यात खूळ शिरलं की रबरी तळाचे तयार जोडे बाहेरून मागवायचे आणि बाबांची शेड बंद करायची. मी म्हटलं, माझ्या हयातीत नाही. शेवटी एक तोडगा निघाला. दोन्ही मालांच्या जाहिराती इंटरनेटवर सारख्याच पैशात चालवायच्या, जिला ऑर्डरी जास्त तिचा माल राहील. एका जाहिरातीत रबरी जोडे, दुसरीत बाबा, मांडीवर अर्धा कोरलेला जोडा घेऊन बसलेले. बाबांना मी एवढंच सांगितलं की तुमचा फोटो लोकांना दाखवतोय.

जाहिराती चालवायला एस्बेन आला, आणि एस्बेन हा ट्रोल्सच्या हँडबॉल संघातला. झालं, मला आणखी काय हवं होतं?

पहिला आठवडा संपला तेव्हा बाबांच्या जाहिरातीवर क्लिकांचा पाऊस आणि ऑर्डर एकही नाही. रबरी जोड्यांवर क्लिक मोजके, पण चार-पाच जोड गेलेले.

"संपलं," ट्रोल्स म्हणाला. "लोक म्हाताऱ्याला बघतात, कौतुक करतात आणि निघून जातात. शितावरून भाताची परीक्षा, ताई."

"अरे, आधी भात शिजू तर दे," एस्बेन म्हणाला. "चार-पाच ऑर्डरींवर काय ठरवतोस? एक गिऱ्हाईक इकडचं तिकडे गेलं की निकाल फिरतो. आणि आत्ता महिन्याचा मध्य आहे. आपल्याकडे लोक जोडा आज बघतात आणि पगार झाला की घेतात. निदान एक पगार तरी मध्ये जाऊ दे."

"म्हणजे तुझं मीटर तोवर चालू," मी म्हटलं.

"ताई, तू ना, देवावरसुद्धा संशय घेशील."

"त्याने बिल पाठवलं तर घेईन."

पण थांबायला मी कबूल झाले, कारण थांबण्यात बाबांची शेड वाचत होती. आणि लक्ष ठेवू लागले. प्रत्येक क्लिकला त्या दिवसाच्या पैशातून थोडे कापले जात, आणि पैसे संपले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब होई. रबरी जोडे संध्याकाळपर्यंत झळकत. बाबांचे पैसे मात्र आमचा सकाळचा पाव संपायच्या आत उडालेले असत. रोज. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी एस्बेनच्या मागे लागले, हे क्लिक येतात कुठून ते दाखव म्हणून. त्याने नकाशा उघडला. सगळ्या देशात तुरळक ठिपके आणि लेमविगवर हा एवढा मोठा डाग.

लेमविगात बसून बाबांचे पैसे जाळायला कुणाचा हात शिवशिवत असेल? मला एकच नाव सुचलं.

शुक्रवारी आम्ही सगळे शेडमध्ये एकत्र पाव खातो, आईच्या वेळेपासूनची रीत आहे. एस्बेनही आला होता. बाबा चीज कापत होते. माझ्याच्याने राहवलं नाही.

"लाज नाही वाटत, ट्रोल्स? सरळ हरवता येत नाही म्हणून रोज सकाळी बसून बटणं दाबतोस? बापाच्या पोटावर पाय देतोस?"

"मी?" ट्रोल्सने कप खाली आपटला. "मी एकदाही दाबलं नाही! आईशप्पथ!"

"मग काय भूत दाबतं?"

"मी दाबतो," बाबा म्हणाले.

त्यांनी चीजची सुरी खाली ठेवली.

"कॉफी झाली की फोन उघडतो. अजून आहे का बघतो. आहे म्हणजे शेड चालू आहे. गावात आमचं लोकनृत्याचं मंडळ आहे ना, तिथल्या सगळ्यांनाही सांगितलंय. तेही दाबतात, मला आधार म्हणून. पन्नासेक जण आहेत." मग जरा ओशाळून पुढे म्हणाले, "ते विकत घ्यायचे नाहीत. त्यांच्या पायात माझेच जोडे आहेत. लवकर झिजत नाहीत ना."

शेडचं प्रकरण त्यांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. पातळ लाकडी भिंतीपलीकडे आम्ही महिनाभर भांडत होतो. मला स्वतःची इतकी शरम वाटली की ट्रोल्सची माफीही मागता आली नाही. ट्रोल्सने मान खाली घातली होती.

एस्बेन बाबांकडे वळला. "अक्सेल, तुम्ही सगळ्यांनी मिळून जाहिरात सकाळीच संपवत होतात. बाहेरच्यांना ती दिसलीच नाही. हे आकडे आता कचऱ्यात. नव्याने सुरू करू, आणि लेमविगात ही जाहिरात दिसणारच नाही असं करतो. दोन पगार जाऊ देत. त्याआधी कुणी निकाल लावायचा नाही."

"दोन पगार. कबूल," ट्रोल्स पुटपुटला.

"म्हणजे मला दिसणार नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग ती चालू आहे का तुम्ही बंद केलीत, हे मला कसं कळणार?"

"मी सांगेन ना, बाबा," मी म्हटलं. "रोज सकाळी येऊन सांगेन."

"मागच्या वेळीही तूच सांगितलं होतंस," बाबा म्हणाले, "नुसता फोटो दाखवतोय म्हणून."

त्यांनी पटाशी उचलली, पण लगेच काम सुरू केलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. गेले काही दिवस मी ट्रोल्सकडे पाहत होते, अगदी तसं.