मधला चिमटा

सॅस्कॅचेवानमधल्या त्या खेड्यातल्या शाळेचा नियम साधा होता: पारा उणे सत्तावीसच्या खाली उतरला की मधल्या सुट्टीत बाहेर पडायचं नाही. आणि नेमका आजच बर्फावर आठवीशी हॉकीचा शेवटचा सामना होता. सातवीचा गोल राखायचा होता ओरिसियाला.

पाच मुलांनी सकाळी आपापल्या अंगणातला पारा टिपून आणला होता. मार्चुकबाईंनी ते आकडे चिठ्ठ्यांवर लिहिले आणि फळ्यासमोर कपड्यांची दोरी ताणली.

“डावीकडे लहान, उजवीकडे मोठा. मधोमध येईल तो आजचा पारा. पण ओळ बरोबर लागली तरच बाहेर.”

ओरिसियाने चिमटे उचलले. −२६½, −२६¾, −२६.९, −२७.२, −२७¼. ओळ झाली.

“सगळं उलटं,” वेंडेल पुटपुटला. “हिच्या कृपेने आठवीवाले बसल्या जागी जिंकणार.”

“उलटं कसं? सव्वासत्तावीसची थंडी मोठी. आमचे दिदो सांगतात ना, त्यांच्या लहानपणी उणे पंचेचाळीस असायचं.”

“आजोबांची थंडी दरवर्षी वाढते,” बाई हसल्या. “पण थंडी मोठी की आकडा मोठा?” त्यांनी आणखी एक चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिच्यावर शून्य होतं. “हे कुठे टांगशील?”

ओरिसिया ते घेऊन साडेसव्वीसच्या डावीकडे गेली, आणि थबकली. डावीकडे तर लहान. शून्य अंशाला आपण टोप्या काढून हिंडतो. ते सगळ्यांत लहान कसं?

शून्य तिने उजव्या टोकाला नेलं. मग ते सोडून उरलेल्या पाचांतल्या दोन्ही कडेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, त्यांच्या आतल्या दोघींची केली, आणि तिचा हात हवेतच राहिला. −२६.९ जिथल्या तिथे होता. उणे सत्तावीसपेक्षा एक दशांशाने मोठा.

“बूट चढवा,” बाई म्हणाल्या. वर्ग दाराकडे धावला.

ओरिसिया मात्र दोरीपाशीच उभी. “बाई, सगळं फिरवलं तरी मधला हललाच नाही. पाचाऐवजी चार चिठ्ठ्या असत्या तर?”

“तुला काय वाटतं?”

“अगं ए, गोल कोण राखणार?” बाहेरून वेंडेल ओरडला. “तुझे दिदो?”

तिने दोरीवरच्या चार चिठ्ठ्या काढल्या, हातमोज्यात कोंबल्या आणि पळाली.