दातावर दात

बाळांनो, क्षणभर असं समजा, की तुमचे खालचे दात प्रत्येक घासाला वर टाळूला टोचतात. भाकरी पुढच्या दातांनी तुटत नाही, म्हणून तुम्ही ती गालाकडे सरकवून दाढेनं ओढता. आणि घरातली माणसं त्याच तोंडाकडे बघून म्हणतात, पोर नशीबवान आहे.

कळंबच्या रियाचं असंच होतं. तिचा वरचा सुळा जागा न मिळाल्यामुळे शेजारच्या दातावर चढून बसला होता. दातावर दात म्हणजे लक्ष्मी, असं घरात सगळेच मानत. त्यात तो सुळा आला त्याच वर्षी जितेशकाकाचं रिसॉर्ट चालायला लागलं. मग काय, नव्या खोलीत पहिलं पाऊल रियाचं, नव्या गाडीपुढचा नारळ रियाच्या हातचा.

टाळूला जखम झाली तेव्हा विकास, तिचा बाप, तिला कर्जतला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तिला मेणाच्या पट्टीवर चावायला लावलं, एक्स-रे काढला, दातांचा साचा घेतला. पुढच्या खेपेला त्यांनी प्लास्टरचा जबडाच विकासच्या हातात ठेवला.

“बघा, वरचा जबडा अरुंद आहे. आधी तो रुंद करू, मग तार लावू. आत्ता तिचं वाढीचं वय आहे, जबडा ऐकतो. थांबलात तर ऑपरेशनची वेळ येईल.”

विकासनं त्या वाकड्या ओळीवरून बोट फिरवलं. “लावा तार,” तो म्हणाला. परतताना टमटममध्ये रियानं त्याचा हात सोडला नाही.

घरी जितेशकाका हसला. “विक्या, येडा झालास काय रं? लक्ष्मीला कोन बेड्या घालतं?”

“टाळू सोललीय तिची, दादा.”

“मऊ भात खाऊ दे. पोहायच्या तलावाचं उद्घाटन होऊ दे, मंग बघू. आन रिसॉर्टच्या काउंटरवर तुला कुनी बसवला, तेबी आठव.”

विकासनं रियाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. “बरं,” म्हणाला.

पोहण्याचा तलाव झाला. मग आणखी खोल्या निघाल्या, मग लग्नाचा हॉल. दर वेळी तेच, एवढं होऊ दे. सहावीतली रिया नववीत गेली. पुन्हा कर्जतला नेली तेव्हा बाईंनी जुना साचा नव्याशेजारी ठेवला. “आता नुसत्या तारेनं भागणार नाही,” एवढंच म्हणाल्या.

हॉलच्या उद्घाटनाला रिया आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. फोटोवाला खोळंबला होता.

“हस गं, दात दिसू दे,” काका म्हणाला.

रियानं बापाकडे पाहिलं.

“हस की बाय,” विकास हळूच म्हणाला. “दादा सांगतोय ना.”

रियानं ताट त्याच्या हातात दिलं.

“पप्पा, तुमीच हसा,” ती म्हणाली, आणि तोंड मिटून पाहुण्यांमधून फाटकाबाहेर निघून गेली.