मुळ्यांनी वाकवलेली काठी

मित्रांनो, मी मासे धरण्याची एक जुनी बांबूची काठी आहे. शेंड्याला जरा डावीकडे वाकलेली. का, ते पुढे येईलच.

मासेमार तोकुहेईने मला थंडीत तोडले, चुलीवरच्या धुरात वाळवले आणि निखाऱ्यांवर शेकून सरळ केले. गळावर पिसांची खोटी माशी बांधायची ती त्याची बायको किनू. पिसे तिच्याच कोंबड्याच्या मानेची. ती माशी पाण्यावर नाचली की इवाना, म्हणजे आमच्या डोंगरनदीतला ठिपकेदार ट्राउट, उसळी मारायचाच. गरम झऱ्याजवळच्या खानावळीत पाहुणे बोटे चाटत. कौतुक व्हायचे तोकुहेईचे. माझे आणि किनूचे नावही कुणी घेत नसे.

पुढे मुलाने शहरातून चकचकीत काठी पाठवली आणि मी आढ्याला गेले. किनूने माझ्यावर चक्क लांब पांढरे मुळे वाळत घातले! त्या ओझ्याने मी वाकले. फार वाईट वाटले मला.

यंदा उन्हाळ्यात किनू आजारी पडली. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. वाडगा पुढे केला की ती तोंड फिरवी. तोकुहेई पार खचला. शेवटी ती म्हणाली, "नदीतला इवाना असता, तर घासभर खाल्ला असता."

पण ओबोनचे, म्हणजे पितरांच्या सणाचे, दिवस होते. पितर घरी आलेले असताना जीव मारायचा नसतो. पितरांना निरोप दिल्याबरोबर तोकुहेई नवी काठी घेऊन धावला, आणि घाईत ती दारात अडकून मोडली. मग माझी आठवण झाली.

"मीही येते," किनू म्हणाली. "तुम्हाला माशी दिसते तरी का?"

चढ चढून आम्ही नदीवर पोहोचलो. माशी सारखी खडकाच्या डावीकडे पडू लागली.

"अहो, उजवीकडे धरा. मुळ्यांनी वाकवलीय तिला."

"मुळ्यांनी, की तू?"

"आता! उचला!"

मी कमानीसारखी वाकले. केवढा मासा! पण पोट अंड्यांनी टम्म फुगलेले. उन्हाळा सरताना अशी मादी आमच्याकडे कुणी ठेवत नाही.

"एकदाच गं," तोकुहेई म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना. सोडा तिला."

त्याने सोडली, आणि डोळे पुसत खडकावर बसला. कमरेचे गाठोडे सोडून त्याने बाजूला ठेवले.

"त्या गाठोड्यात काय आहे?" किनूने विचारले.

"भाताचे गोळे. माझ्यासाठी आणले होते."

"द्या इकडे. चढून चढून जीव गेला माझा."

तिने एक खाल्ला. मग दुसराही. आतल्या खारवलेल्या आलुबुखाराची बीसुद्धा चोखली.

"अगं, आणि मी काय खाऊ?"

"तुम्ही मासा धरा की!"

तोकुहेई इतका हसला की मांडीवरची मीसुद्धा हलले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी असे आढ्याला टांगलेले असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, सोबत न्या. आणि मुळे कृपा करून दोरीवर वाळत घाला.